ड्रिल संपल्यावर पाणी कुठे गेलं? अग्निशमन प्रशिक्षणात पर्यावरण शिकवण्याची माझी पद्धत

अग्निशमन प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात 'पर्यावरण' नावाचा वेगळा तास घालू नका. हे आधीच सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी नेमकं तेच होतं. शेवटच्या आठवड्यात, जेवणानंतर, कुणी पाहुणे येतात, ओझोनचा थर आणि वृक्षारोपण यावर बोलतात. पहाटेपासून होज ओढून दमलेली पोरं समोर पेंगत असतात. त्या तासाचा आपल्या हातातल्या ब्रांचशी (होजच्या टोकाची, पाणी मारायची नळी) काय संबंध, हे त्यांना कळत नाही. तो संबंध मैदानावर, ड्रिल चालू असतानाच दाखवावा लागतो.

मी मराठवाड्यात नगरपालिकांच्या फायरमनना आणि औद्योगिक वसाहतींमधल्या कामगारांना शिकवतो. आमच्याकडे अग्निशमन सेवा सप्ताह येतो तोच टंचाईच्या दिवसांत. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. घागरींच्या रांगा लागलेल्या गावात चौकात पाण्याचे फवारे उडवून प्रात्यक्षिक दाखवणं योग्य नाही, हे कुठल्याही फायरमनला सांगावं लागत नाही. पण मग ड्रिल कसं करायचं, हे त्याला शिकवावं लागतं. ते शिकवण्याची ही माझी पद्धत. तुमच्या केंद्रात एकच गाडी असली तरी यातलं जवळपास सगळं करता येईल.

आधी फळ्यावर हिशेब

मैदानावर जाण्याआधी अर्धा तास फळ्यावर द्या. नोझलमधून किती पाणी जातं याचं सूत्र आपण शिकवतोच: दोन तृतीयांश गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले दाबाचं वर्गमूळ. व्यास मिलिमीटरमध्ये, दाब बारमध्ये, उत्तर लिटर प्रति मिनिट. बहुतेक पोरं ते परीक्षेपुरतं पाठ करतात. त्यांच्याकडून खरा आकडा काढून घ्या. २० मिमी नोझल, ४ बार दाब: मिनिटाला सुमारे ५३३ लिटर. तोच दाब, नोझल साडेबारा मिमी: सुमारे २०८ लिटर. म्हणजे साडेचार हजार लिटरची गाडी पहिल्या नोझलवर साडेआठ मिनिटांत रिकामी होते, दुसऱ्यावर एकवीस मिनिटं चालते. जलजीवन मिशनच्या हिशेबाने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. एक गाडी म्हणजे सुमारे ८० माणसांचं एका दिवसाचं पाणी. हा आकडा पुसू नका, दिवसभर फळ्यावर राहू द्या.

त्याखाली दुसरा हिशेब मांडा. मला हा पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. तीस अंशांचं एक लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ झाली, तर ते आगीतून सुमारे २,५५० किलोज्यूल उष्णता घेतं. तेच पाणी नुसतं साठ अंशांपर्यंत तापून दाराखालून बाहेर वाहून गेलं, तर घेतलेली उष्णता फक्त १२५ किलोज्यूल. जवळजवळ वीसपट फरक. शिवाय वाफ झालेल्या पाण्याचं आकारमान सुमारे १,७०० पट होतं, ती बंद खोलीतला प्राणवायू ढकलते. हे कळलं की पोरं स्वतःच विचारतात, "सर, म्हणजे पायाखालून वाहतंय ते पाणी कामाचंच नाही?" इमारतीला थंड करायला, शेजारचं छप्पर वाचवायला काही पाणी वाहणारच. पण आग विझवायच्या नावाखाली गटारात जाणारं पाणी म्हणजे चुकीच्या ठिकाणी किंवा चुकीच्या आकारात मारलेलं पाणी.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगा, नाहीतर पोरं भलताच धडा घेऊन जातील. पाणी कमी मारायला आपण शिकवत नाही. लागेल तेवढा प्रवाह पहिल्याच मिनिटात मिळाला पाहिजे. तो अपुरा पडला तर आग लांबते, धूर वाढतो, आणि शेवटी पाणीही जास्तच जातं. आत माणूस अडकला असेल तर लिटर मोजायचे नाहीत. आधी जीव, मग मालमत्ता, मग परिसर, हा क्रम कुठल्याही ड्रिलमध्ये बदलायचा नाही.

पाणी फिरतं ठेवा, पण स्वच्छ

पंप ड्रिल आणि होज ड्रिलचं पाणी जमिनीवर सोडायची गरजच नसते. मैदानाच्या कडेला बांधीव टाकी असेल तर उत्तम, नसेल तर लोखंडी सांगाड्यावर ताडपत्रीची टाकी करा. गाडीची सक्शन (पाणी ओढणारी नळी) एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला पत्र्याचं लक्ष्य उभं करा, खाली पन्हळ जोडून. जेट पत्र्यावर आदळतो, पन्हळीतून टाकीत परत येतो. उडून आणि वाऱ्यावर थोडं जातंच, ते सकाळच्या ड्रिलमध्ये कमी, दुपारच्या ड्रिलमध्ये जास्त. म्हणून उन्हाळ्यात पाण्याची ड्रिल्स पहाटे घ्या, शिडी आणि दोराची दुपारी सावलीत.

साठलेल्या टाकीत डास होतात. हिवताप विभागाकडून गप्पी मासे मागून घ्या आणि स्ट्रेनरभोवती (सक्शनच्या तोंडाची गाळणी) बारीक जाळीची टोपली बांधा. जाळी कचऱ्याने भरली की पंपाचा व्हॅक्यूम गेज लगेच दाखवतो. पंप ऑपरेटरसाठी तो आपोआप एक धडा होतो.

या टाकीत फोम, डिझेल, पावडर यांचा थेंबही पडू देऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात फिस्कव्हिल इथे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र होतं, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेलं. तिथे सरावाच्या आगीसाठी कारखान्यांकडून आलेली टाकाऊ रसायनं पिंपांनी जाळली गेली, काही पिंपं पुरली गेली, आणि आग विझवलेलं पाणी तळ्यांत जमून पुन्हा सरावाला वापरलं गेलं. त्याच पाण्याचे तुषार प्रशिक्षणार्थींच्या अंगावर, तोंडावर येत होते. २०१५ मध्ये केंद्र कायमचं बंद करावं लागलं आणि राज्याच्या संसदेने चौकशी केली. पाणी वाचवायच्या उत्साहात असलेल्या प्रत्येक प्रशिक्षकाने ही हकीकत लक्षात ठेवावी. घाण पाणी फिरवणं हे पाणी सांडण्यापेक्षा वाईट आहे. फुप्फुसं आपल्याच पोरांची असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामालाच कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या, गटात घातलं आहे. त्यामुळे धुराचं आणि पाण्याचं प्रदूषण हा परका विषय म्हणून शिकवू नका. तो त्यांच्या शरीराचा विषय आहे.

ट्रे फायर

टायर जाळणं बंद करा. काळा धूर दिसायला जोरदार असतो, म्हणून प्रात्यक्षिकात अजूनही टायर आणतात. त्यातून शिकायला काही मिळत नाही, आणि कचरा उघड्यावर जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घालून दंड ठरवलेला आहे. कायदा शिकवणाऱ्या गणवेशातल्या माणसाने तो मोडू नये.

डिझेलच्या ट्रेचं म्हणाल, तर एक चौरस मीटरच्या ट्रेमध्ये एक सेंटिमीटर थर म्हणजे दहा लिटर. खाली पाण्याचा थर देऊन अर्धा सेंटिमीटर इंधन घातलं तरी एक्स्टिंग्विशर मारायचा सराव होतो. मी आधी आग न लावता सराव घेतो: वाऱ्याची दिशा बघणं, पिन काढणं, अंतर धरणं, बुडाशी झाडू मारल्यासारखा हात फिरवणं, तोंड आगीकडे ठेवूनच मागे येणं. हे सगळं पाण्याच्या एक्स्टिंग्विशरवर होतं. त्यात पाणी भरून पंपाने हवा मारली की तो पुन्हा तयार. प्रत्यक्ष आग प्रत्येकाला एकदाच, सगळं अंगवळणी पडल्यावर. गरम ट्रेमध्ये पुन्हा इंधन ओतायचं नाही, हे सांगायला विसरू नका. ट्रेमधलं उरलेलं पाणी-डिझेल जमिनीवर उलटं करू नका. पिंपात ओता, रात्रभर स्थिर ठेवा, वर आलेलं तेल पुढच्या बॅचला वापरा.

पावडरचं एक्स्टिंग्विशर मारायचंच असेल तर रिफिलिंगची तारीख आलेलं निवडा, आणि गवतावर किंवा विहिरीच्या कडेला नको, फरशीवर मारा. एबीसी पावडरमधला मुख्य पदार्थ मोनो अमोनियम फॉस्फेट, म्हणजे द्राक्षवाले ठिबकमधून सोडतात त्या १२:६१:० खताचाच रासायनिक भाऊ. पण पावडरला पाणी लागू नये म्हणून सिलिकॉनचं आवरण असतं, म्हणून 'खतच आहे' असं म्हणून शेतात फेकायचं नाही. आणि फॉस्फेट तळ्यात गेलं की शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. झाडून गोळा करा, पिशवीत भरा.

गेरूचं ड्रिल

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा.

बादलीभर पाण्यात दोन-तीन किलो गेरू कालवा. इमारतीसमोरच्या फरशीवर तो ओता आणि सांगा, "हे कीटकनाशकाचं गोदाम आहे, पिशव्या फुटल्यात." मग एक ब्रांच दोन मिनिटं चालवायला लावा. चालवण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं: हे पाणी कुठे जाईल. ब्रांच बंद झाली की सगळ्यांनी लाल पाण्याच्या बाजूने चालत जायचं, पुढे पळायचं नाही, पाण्याच्या वेगानेच.

आमच्याकडे ते पाणी आधी फरशीच्या उताराने डावीकडे वळतं, जिथे सगळे उजवीकडे लिहितात. मग भिंतीच्या पायथ्याशी थबकतं, दोन विटांमधल्या फटीत शिरतं, आणि भिंतीपलीकडे एका जुन्या सिमेंटच्या पाइपातून बाहेर येतं. तो पाइप कुठल्याच नकाशावर नाही. तिथून रस्त्याखालची मोरी, मग ओढ्याची कोरडी वाळू. वाळूवर लाल डाग हळूहळू मोठा होत जातो आणि मग आत झिरपून नाहीसा होतो. ओढ्याच्या काठाला हातपंप आहे. तिथपर्यंत आल्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. "सर, गाडीतलं पाणी संपायच्या आत हे इथं आलं," एवढं एक जण म्हणतो आणि सगळे हातपंपाकडे बघतात.

मग तिथेच, ओढ्यात उभं राहून ऱ्हाइनची गोष्ट सांगा. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ श्वाइत्सरहाले इथे १ नोव्हेंबर १९८६ च्या रात्री सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. जवानांनी आग विझवली. पण विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं, पाऱ्याची संयुगं आणि लाल रंग ऱ्हाइन नदीत गेला. नदी लाल झाली, शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले, खालच्या अंगाच्या गावांना नदीचं पिण्याचं पाणी बंद करावं लागलं. यानंतर आग विझवलेलं पाणी अडवून धरायच्या टाक्यांचे नियम जर्मनीत आले. आपल्याकडे महाडच्या वसाहतीशेजारी सावित्री आहे, लोटे-परशुराम वसाहतीच्या खाली वाशिष्ठीचं खोरं आहे, पाताळगंगेच्या वसाहतीला तर नदीचंच नाव आहे. रासायनिक वसाहतीत शिकवत असाल तर नकाशा उघडा आणि प्रत्येक गटारीवर बोट ठेवून ती कुठल्या नाल्याला मिळते ते पोरांकडूनच काढून घ्या.

दुसऱ्या फेरीत पुन्हा गेरू, पण आता अडवायचं. चौघांना एवढंच काम द्या, बाकीचे ब्रांचवर. वाळूची पोती अर्धीच भरा, गच्च भरलेली पोती जमिनीला बसत नाहीत आणि खालून पाणी जातं. चेंबरच्या झाकणावर प्लॅस्टिक टाकून त्यावर ओली माती दाबा. बाद झालेली जुनी होज घ्या, दोन्ही टोकं बंद करून पाण्याने फुगवा आणि उतारावर आडवी टाका. वीतभर नाही, पण चार बोटं पाणी ती अडवते आणि तेवढ्यानेही पहिली दहा मिनिटं मिळतात. शिड्या चौकोनात आडव्या ठेवून वर ताडपत्री अंथरली की काही मिनिटांत हौद तयार होतो, त्यात पोर्टेबल पंपाने अडलेलं पाणी उचलता येतं. कारखान्यात पावसाळी गटारीचं पाणी अडवणारा स्लुइस व्हॉल्व्ह कुठे आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हे तिथल्या कामगारांच्या बॅचला पहिल्याच दिवशी विचारा. व्हॉल्व्ह बंद करून पाणी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीकडे वळवता येतं का, हेही त्यांनीच शोधून यायचं.

मोठ्या बॅचला एक अवघड प्रश्नही टाका. आत माणूस नाही, शेजारी धोका नाही, गोदाम वाचणार नाही हे नक्की आहे, आणि आत कीटकनाशक आहे. पाणी मारायचं की आजूबाजूचं वाचवत ते जळू द्यायचं? धूर वस्तीकडे जातोय का, नदी किती जवळ आहे, यावर उत्तर बदलतं. युरोपात नियंत्रितपणे जळू देण्याचा निर्णय अधिकारी विचारपूर्वक घेतात. आपल्याकडे लोक आणि कॅमेरे समोर असताना तो घेणं फार जड जातं, म्हणूनच त्याचा सराव वर्गात व्हायला हवा.

फोम

फोमचा सराव म्हटलं की मैदानभर पांढरा फेस करायची हौस असते. आधी डबा वाचायला शिकवा. एएफएफएफ, एआर-एएफएफएफ, फ्लुरोप्रोटीन असं फोमच्या प्रकाराचं नाव लिहिलं असेल तर त्यात फ्लोरिनची संयुगं आहेत, ज्यांना पीफास म्हणतात. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध निसर्गात जवळजवळ मोडतच नाही. ती जमिनीतून विहिरीत आणि तिथून रक्तात जातात, वर्षानुवर्षं राहतात. घातक, टिकाऊ रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत यातलं पीएफओएस २००९ मध्ये आलं, पीएफओए २०१९ मध्ये. सरावासाठी हा फोम कधीच वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लोरिनविरहित प्रशिक्षण फोम मिळतो, तो मागवा, आणि तोही पक्क्या फरशीवर, पाणी गोळा होईल अशा जागीच.

पण निम्म्याहून जास्त कौशल्य फोमशिवायच शिकता येतं. फोममध्ये चूक होते ती मिश्रणात. मिनिटाला २२५ लिटरचा इंडक्टर (पाण्याच्या धारेत फोम ओढून मिसळणारं उपकरण) ३ टक्क्यांवर ठेवला तर मिनिटाला पावणेसात लिटर कंपाउंड, म्हणजे डब्यातला मूळ फोम, ओढायला हवं. पिकअप ट्यूब साध्या पाण्याच्या बादलीत सोडा, बादलीवर आधीच लिटरच्या खुणा करा, मिनिटभर वेळ लावा. चारच लिटर ओढलं? मग ब्रांच फार उंचावर आहे का, होज फार लांब आहे का, दाब कमी आहे का, की इंडक्टरची गोळी जाम झालीय, हे पोरांना शोधू द्या. नोझल अर्धवट बंद केली की ओढणं थांबतं, हे बादलीत डोळ्यांनी दिसतं.

स्टोअरमधला जुना, मुदत संपलेला एएफएफएफ 'सरावात संपवून टाका' असा निरोप वरून येऊ शकतो. नम्रपणे, पण लेखी नाही म्हणा. डबे घट्ट बंद करून, नाव लिहून, खाली ट्रे ठेवून वेगळे करा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवायचा प्रस्ताव द्या. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत.

रेस्क्यूच्या तासात

रस्त्यावर ऑइल सांडलंय, दुचाक्या घसरतायत, ही वर्दी (मदतीची खबर) पावसाळ्यात हमखास. सवय अशी की गाडी न्यायची, साबण टाकायचा, जेट मारायचा. तेल पसरतं आणि गटारात जातं, रस्ता मात्र अर्धा तास निसरडाच राहतो. सराव कोरडा घ्या. सॉ मिलचा भुसा किंवा कोरडी वाळू, साखर कारखाना जवळ असेल तर वाळलेलं बगॅस (उसाचं चिपाड). कडेकडून मध्याकडे टाकत यायचं, फावड्याच्या पाठीने दाबायचं, पाच मिनिटं थांबायचं, झाडून पोत्यात भरायचं, वर पुन्हा पातळ थर. वाहतूक वळवणं आणि आजूबाजूला कुणी विडी पेटवू नये हे बघणं हा त्याच ड्रिलचा भाग. तेलाचा भुसा रस्त्याकडेला टाकून येऊ नका, पोतं परत आणा.

पडलेल्या झाडाच्या वर्दीत माणूस सोडवायला आणि रस्ता मोकळा करायला लागेल तेवढंच कापा. घरटं आहे का ते बघा. अर्धवट कललेलं झाड 'आलोच आहोत तर' म्हणून पाडू नका, ते काम उद्यान विभागाचं.

वणवा आणि कचरा डेपोची आग या दोन्हींत पाणी हे मुख्य हत्यार नाही, हे उन्हाळ्याआधी शिकवा. डोंगरउतारावर जाळरेषा (आग अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा), झोडपणी आणि वाऱ्याची जाण लागते. डेपोत जेसीबीने ढीग फोडून माती टाकावी लागते. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या कचरा डेपोचा धूर मुंबईने कित्येक दिवस घेतला. ढिगात वरून ओतलेलं पाणी आतल्या धगीपर्यंत फारसं पोचत नाही, काळं होऊन खालून बाहेर येतं.

गुण आणि रजिस्टर

ज्याला गुण नाहीत ते पोरं लक्षात ठेवत नाहीत. प्रात्यक्षिकाच्या शंभरातले पंधरा गुण मी यासाठी ठेवतो: पाणी कुठे जाईल याचा अंदाज, ते अडवण्याची कृती, योग्य नोझल, आणि जागा सोडताना ती कशी सोडली. वापरलेल्या लिटरना गुण देऊ नका. दिले की पोरं आग अर्धवट ठेवून पाणी वाचवतात. आग वेळेत विझली तरच हे पंधरा गुण मोजायचे.

शेवटी ड्रिल रजिस्टरमध्ये चार रकाने वाढवा: किती पाणी लागलं, किती परत टाकीत आलं, काय जाळलं, वाहिलेलं पाणी कुठे गेलं. हे प्रशिक्षकाने भरू नये. गेज ज्याच्या समोर असतो त्या पंप ऑपरेटरने, पंप बंद केल्या केल्या, गाडीजवळ उभं राहूनच भरावं.